धर्मराजाचा शाप

महाभारतातला तो शाप तुम्हांला ठाऊक असेलच. युद्ध संपले, गंगेकाठी तर्पणाची वेळ आली, आणि तेव्हा कुठे कुंतीने सांगितले की, बाबा रे, कर्णालाही एक ओंजळ पाणी सोड, तो तुझा थोरला भाऊ होता. धर्मराज भडकला. हा मनुष्य आयुष्यात फारसा भडकलेला नाही. द्यूतात बायको हरला तेव्हासुद्धा नाही. पण या वेळी भडकला आणि त्याने अख्ख्या स्त्रीजातीलाच शाप देऊन टाकला, की यापुढे तुमच्या पोटात कोणतीही गोष्ट राहणार नाही!

आता तुम्हीच बघा. ज्या बाईने एवढी थोरली गोष्ट लग्नाआधीपासून पार नातवंडे रणांगणावर पडेपर्यंत पोटात ठेवली, तिच्यावर चिडून असला शाप द्यायचा! पुरावा एकीकडे आणि निकाल दुसरीकडे. पण धर्मराजाच्या कोर्टावर अपील नव्हते. निकाल कायम झाला आणि तो पनवेलपर्यंत पोचला.

पनवेलच्या आमच्या वाड्यात हा शाप दिवसातून एकदा तरी उच्चारला जायचा. उच्चारणारे बहुधा वाड्याचे मालक तात्या असायचे, कधी आमचे वडील असायचे, आणि तो ज्यांना उद्देशून असायचा त्या म्हणजे आमच्या आत्या. आत्या वडिलांपेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या. लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेल्या. वाड्यात त्यांना 'आकाशवाणी, पनवेल केंद्र' म्हणत. समोर नव्हे, मागे. पण वाड्यात मागे बोललेले समोर यायला साधारण चार मिनिटे लागत, त्यामुळे आत्यांना ते ठाऊक होते आणि मनातून आवडतही असावे.

पनवेल गाव बातम्यांच्या बाबतीत पहिल्यापासून पुढे. आमची नगरपालिका १८५२ सालची. म्हणजे बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली त्याच्या आदल्या वर्षीची. प्रत्यक्ष आगगाडी पनवेलला यायला १९६४ साल उजाडले ती गोष्ट वेगळी. नगरपालिका आधी आणि गाडी ११२ वर्षांनी, हा क्रम पनवेलकरांना कधी खटकला नाही, कारण बातम्यांना गाडी लागत नव्हती. टपाल नाक्यावर कोणी शिंकले की लाइन आळीत सुंठ उगाळायला घेत. कोणाकडे स्थळ आले, कोणाच्या मुलाला इंग्रजीत किती पडले, कोणी धारवाडी खण आणला आणि नणंदेला दाखवला नाही, हे सारे आत्यांच्या केंद्रावरून सकाळी पाणी भरताना प्रसारित होई आणि दुपारी तांदूळ निवडताना त्याचे पुनःप्रसारण होई.

खरा रेडिओ वाड्यात एकच. तात्यांचा. उंच फळीवर, वर क्रोशाचे विणलेले झाकण, आणि शेजारी पोस्टाचे लायसन्सचे पुस्तक. हल्लीच्या मुलांना सांगितले की रेडिओ ऐकायला सरकारचा परवाना लागायचा, तर त्यांना मी थाप मारतो असे वाटते. पण १९८० नंतरच्या काही वर्षांपर्यंत खरोखरच लागायचा. बटण फिरवले की आधी दिवा लागे, मग घरघर होई, मग बऱ्याच वेळाने कोणीतरी लांबून बोलू लागे. मुंबई केंद्रावर 'पुन्हा प्रपंच' लागले की वाडा गोळा होई. त्यातल्या मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू, ज्या पुढे यशवंत देवांशी लग्न होऊन करुणा देव झाल्या. टेकाडे भावजी म्हणजे बाळ कुडतरकर. ही नावे आम्हां पोरांना माहीत होती, पण आत्यांच्या लेखी मीनावहिनी ही एक खरी, मुंबईत बिऱ्हाड करून राहणारी, जरा साधी भोळी बाई होती. टेकाडे भावजी घरात शिरले की आत्या फळीकडे बघून म्हणत, "आला मेला चहाला. साखर संपली म्हणून सांग." पुणे केंद्रावरून सुधा नरवणे बातम्या देत, त्यांच्याबद्दल मात्र आत्यांना आदर होता. "बघा, किती बोलते, पण स्वतःचं एक अक्षर सांगत नाही हो." (त्याच सुधाताईंचे चिरंजीव पुढे देशाचे लष्करप्रमुख झाले, हे कळायला आत्या राहिल्या नाहीत. नाहीतर ती बातमी त्यांनी दिल्लीच्या आधी फोडली असती.)

तर सांगायचा मुद्दा असा की, बाईमाणूस, बोलणे आणि पोटात न राहणे या तिन्ही गोष्टी एकच, अशी माझी लहानपणापासून समजूत. ती पक्की होण्यासारखी सगळी सोय घरातच होती. ती पहिल्यांदा हलली १९९८ साली. उषा मेहता नावाच्या बाईंना पद्मविभूषण मिळाल्याची बातमी आली आणि बातमीखाली चार ओळी होत्या, की यांनी १९४२ साली मुंबईत गुप्त रेडिओ चालवला.

गुप्त आणि रेडिओ! हे दोन शब्द शेजारी शेजारी बसलेले मी तोवर पाहिले नव्हते. रेडिओ ही मुळात जगाला ओरडून सांगायची गोष्ट. ती गुप्तपणे करायची म्हणजे तोंडात शिट्टी धरून लपंडाव खेळायचा. आणि कुठे? तर मुंबईत, गिरगावात!

गिरगाव ज्यांना ठाऊक नाही त्यांना यातली गंमत कळायची नाही. माझे मामा गिरगावात चाळीत राहत. मे महिन्यात मी तिथे असे. त्या चाळीपुढे आमचे पनवेल म्हणजे मुके गाव. खोलीला खोली लागून, पुढे सामाईक गॅलरी, आणि गॅलरीत उभे राहण्याचा ज्याचा त्याचा जन्मसिद्ध हक्क. मामीने फोडणीत हिंग जास्त टाकला तर चौथ्या खोलीतून पृच्छा होई, "पोट बिघडलंय का कोणाचं?" शेजारी मराठी, पलीकडे गुजराती, खाली कच्छी दुकानदार, पण चौकशीची भाषा सर्वांची एक. अशा वस्तीत एक मुलगी रोज संध्याकाळी एका खोलीत शिरते, दार लावून घेते, तास दीड तासाने बाहेर येते, आणि शेजाऱ्यांना पत्ता नाही? मी म्हणतो, गॅलरी काय ओस पडली होती?

मग मी मिळेल ते वाचत सुटलो. पेन्शनीत निघालेल्या माणसाला असला एक विषय लागतोच, नाहीतर तो सोसायटीचा सेक्रेटरी होतो.

उषाबेन मूळच्या सुरतेजवळच्या सरस गावच्या. जन्म १९२० चा. वडील इंग्रज सरकारात न्यायाधीश, म्हणजे घरात चळवळ वगैरे करण्यास फारसे पोषक हवामान नाही. तरी आठव्या वर्षी सायमन कमिशनविरुद्धच्या मोर्चात ही घोषणा देत होतीच. वडील निवृत्त झाल्यावर १९३२ मध्ये कुटुंब मुंबईला आले. मुलगी विल्सन कॉलेजातून १९३९ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाली, कायद्याचा अभ्यास करू लागली, आणि तेवढ्यात १९४२ चा ऑगस्ट उजाडला. आठ तारखेला गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि नऊ तारखेच्या पहाटे झाडून सारे पुढारी उचलले गेले. वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप. आता देशाला सांगायचे कोणी? तर बाबूभाई खाखर, चंद्रकांत झवेरी, ही उषा, अशा चारदोन तरुण मंडळींनी ठरवले की आपण सांगू. कायद्याचा अभ्यास राहिला आणि कायदेभंगाचा सुरू झाला. उषाबेन त्या वेळी २२ वर्षांच्या. अंगकाठी बघाल तर वाऱ्याने उडेल अशी.

यंत्रसामग्रीच्या कामी नानक मोटवाने यांची मदत झाली. हे 'शिकागो रेडिओ'चे मोटवाने. आमच्या पिढीला या नावाची ओळख करून द्यायला नको. सभेच्या कोणत्याही जुन्या फोटोत पुढाऱ्याच्या हनुवटीखाली मायक्रोफोन आणि मायक्रोफोनवर 'शिकागो' ही अक्षरे. मला तर लहानपणी शिकागो हे कोणी थोर देशभक्त असावेत आणि प्रत्येक सभेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे असावे असे वाटे. प्रत्यक्षात ही मंडळी शिकागोची नव्हेत, सिंधमधल्या सक्करची.

२७ ऑगस्ट १९४२ ला उषाबेनचा आवाज पहिल्यांदा हवेत गेला. ४२.३४ मीटरवरून काँग्रेस रेडिओ बोलतो आहे, हिंदुस्थानात कुठूनतरी. 'कुठूनतरी'! हा पत्ता मला फार आवडला. आमच्या आत्यांना कोणी "कुठेतरी जाऊन येते" असे सांगितले असते, तर त्यांनी "कुठेतरी म्हणजे टपाल नाक्याच्या अलीकडे की पलीकडे?" असे विचारल्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नसता. इथे अख्खे साम्राज्य तेच विचारत होते आणि उत्तर मिळत नव्हते.

हिंदीतून आणि इंग्रजीतून बातम्या, राममनोहर लोहिया, अच्युतराव पटवर्धन अशांची भाषणे आणि विचार, आणि शेवटी 'वंदे मातरम्'ची तबकडी. सरकारी रेडिओला ही मंडळी 'अँटी इंडिया रेडिओ' म्हणत. इंग्रजी आद्याक्षरे तीच राहतात, हा फायदा. चितगावचा बाँबहल्ला, जमशेटपूरचा संप, आणि आपल्या विदर्भातल्या चिमूर-आष्टीला काय झाले, हे देशाला सांगितले ते या रेडिओने. चिमूरला १६ ऑगस्टला आग पेटली, गोळ्या झाल्या, मग लष्कर आले आणि बायामाणसांवर नको ते अत्याचार झाले. छापील कागदावर यातले येऊ नये म्हणून सरकार डोळ्यांत तेल घालून बसलेले, आणि मुंबईतल्या कुठल्यातरी बंद खोलीत ही २२ वर्षांची पोर ते सांगते आहे. बोलून दाखवायला कठीण गोष्टी होत्या त्या. आमच्या वाड्यात तर असल्या गोष्टी बायका पदर तोंडाला लावून, अर्धे वाक्य गिळून सांगत.

एका जागी बसायची सोय नव्हती. पोलिसांपाशी ध्वनिलहरींचा माग काढणारी यंत्रे होती, ती गाडीत घालून हिंडवत. म्हणून बिऱ्हाड सारखे हलते. चौपाटीचे 'सी व्ह्यू', वाळकेश्वर रोडचा 'रतन महाल', लॅबर्नम रोडचा 'अजित व्हिला', सँडहर्स्ट रोडचे 'लक्ष्मी भुवन', गिरगावातली पारेखवाडी, महालक्ष्मीचा 'पॅराडाइज बंगला'. अडीच महिन्यांत इतकी बिऱ्हाडे! आम्ही वाडा सोडून फ्लॅटमध्ये आलो तेव्हा एक बंब आणि एक पाटा-वरवंटा हलवायला सगळी आळी मदतीला आली होती. मदतीला म्हणजे बघायला. बंबाला पोचा कधी पडला, यावरच अर्धा तास चर्चा. इथे एक आख्खे रेडिओ स्टेशन पोत्यात, पेटीत घालून जिना चढते उतरते आहे, आणि जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला तोंड भरून काहीतरी सांगायला हवे आहे! हो, सांगायला हवेच. गिरगावात जो गप्प राहिला तो संशयित.

हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. अशा वस्तीत गुपित ठेवायचे तर तोंड मिटून चालत नाही. भरपूर बोलावे लागते. फक्त ती एक गोष्ट सोडून.

शेवटी घात झाला तो कोणा बाईच्या पोटात राहिले नाही म्हणून नव्हे. ज्या गृहस्थाने यंत्र जुळवून दिले, त्यालाच पोलिसांनी पकडले आणि त्यानेच वाट दाखवली. नाव इतिहासात आहे, इथे नको. बाप्या होता एवढे नमूद करतो. धर्मराजाच्या माहितीसाठी.

१२ नोव्हेंबर १९४२. जागा गिरगाव बॅक रोडवरची पारेखवाडी. दिवसभर धाडी चाललेल्या, बाबूभाई सापळ्यात सापडल्याचे कळलेले, तरी संध्याकाळचा कार्यक्रम चुकवायचा नाही म्हणून उषाबेन गेल्या. सोबत चंद्रकांत झवेरी. कार्यक्रम संपत आला, तबकडी लावली, आणि दारावर घाव पडू लागले. पोलीस आत घुसले तेव्हा 'वंदे मातरम्' वाजत होते. अधिकाऱ्याने थांबवायला सांगितले. उषाबेनने सांगितले की तबकडी थांबणार नाही, हे राष्ट्राचे गीत आहे, तुम्हीच ताठ उभे राहा. २७ ऑगस्टपासून दिवस मोजले तर ते भरतात ७८.

आणि इथून पुढे जे झाले ते मला त्या ७८ दिवसांहून मोठे वाटते. इथपर्यंत ही मुलगी बोलत होती. आता ती गप्प बसली. सहा महिने चौकशी चालली. एकटीला कोंडून ठेवले. धमकावून झाले, गोंजारून झाले. नावे सांग, तुला परदेशी शिकायला पाठवतो, अशीही लालूच झाली. पुढे खटला उभा राहिला तेव्हा तिने न्यायाधीशांना विचारले, मी उत्तरे दिलीच पाहिजेत का? बंधन नाही म्हटल्यावर, तर मग मी एकाही प्रश्नाचे उत्तर देणार नाही, असे म्हणून बाईसाहेब पुन्हा गप्प. स्वतःच्या बचावापुरतेदेखील नाही. कायद्याचा अर्धवट राहिलेला अभ्यास असा कामी आला. बाबूभाईंना ५ वर्षे, उषाबेनना ४, चंद्रकांत झवेरींना १. मोटवाने सुटले.

मग येरवडा. तब्येत ढासळली तेव्हा मुंबईला जे. जे. रुग्णालयात आणले, तर खाटेभोवती तीन-चार पोलीस आळीपाळीने अहोरात्र. आजारी मुलगी, आणि पहारा बघाल तर तिजोरीला असावा तसा. तिजोरीच होती म्हणा. आतले कोणालाच मिळाले नाही. १९४६ मध्ये सुटका झाली.

आमच्या पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके. इंग्रजांविरुद्ध बंड करणारा माणूस. पण १८७९ च्या खटल्यात त्यांच्याविरुद्धचा पुरावा म्हणून सरकारने काय पुढे केले? त्यांचीच रोजनिशी. एवढ्या मोठ्या छातीच्या पुरुषालाही कुठेतरी, कागदापाशी का होईना, मन मोकळे करावेसे वाटले. यात मी त्यांना उणे म्हणत नाही, माझी काय प्राज्ञा. पण पोटात ठेवणे ही किती अवघड गोष्ट आहे ते यावरून कळावे.

हे सगळे मी एके दिवशी वडिलांना वाचून दाखवत होतो. वडील तेव्हा ऐंशीच्या घरात. आत्या जाऊन वर्ष झाले होते. चौकशी, लालूच, सहा महिने गप्प, इथपर्यंत आलो आणि वडील म्हणाले, "आमच्या अक्काने सात महिने काढले. आणि पुढची छत्तीस वर्षं."

मला वाटले, वयामुळे संदर्भ हलला. पण वडील सांगू लागले. १९६२ साली त्यांची नोकरी गेली होती. ठाण्याच्या एका पेढीत ते कारकून होते. रोज पहाटेच्या एस.टी.ने जात. एके दिवशी मालकाने चौघांना घरी बसवले, त्यात हे. घरी बसायचे म्हणजे पनवेलात बसायचे, वाड्यात, आत्यांच्या प्रक्षेपणकक्षेत! वडिलांना ते जमेना. ते दुसऱ्या दिवशीही डबा घेऊन त्याच एस.टी.ने ठाण्याला गेले आणि दिवसभर तलावपाळीवर बसून संध्याकाळी परत आले. तिसऱ्या दिवशीही. पंधरवडा असा गेला. आईला कळले नाही, आम्हां भावंडांना कळले नाही, तात्यांनाही नाही.

आत्यांना कळले. घरातले कपडे आत्या धूत. कारकुनाच्या सदऱ्याच्या उजव्या बाहीला शाईचे डाग असतात, ते त्या वर्षानुवर्षे घासत आल्या होत्या. लागोपाठ पंधरा दिवस सदरे स्वच्छ निघाले. आत्यांनी काही विचारले नाही. एक तारखेच्या आदल्या रात्री वडिलांच्या कोटाच्या खिशात नोटा घालून ठेवल्या. त्यांच्या यजमानांच्या मागे उरलेले थोडे पैसे त्यांनी पोस्टात ठेवले होते, त्यातल्या. वडिलांनी एक तारखेला ते पैसे पगार म्हणून आईच्या हातावर ठेवले. असे सात महिने. मग दुसरीकडे नोकरी लागली, बाहीला पुन्हा शाई लागली, आणि पुढच्या तारखेला खिसा रिकामा निघाला. बहीणभावांत या विषयावर एक शब्द झाला नाही. आत्यांच्या चौदाव्या दिवशी पासबुक उघडले तेव्हा त्यात अकरा रुपये निघाले, आणि "म्हातारीने सगळे चणेफुटाण्यांवर उडवले" असे कोणीतरी म्हणालेसुद्धा. बहुधा मीच नसेन.

आई दारात उभी राहून हे ऐकत होती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तरीच त्या वर्षी वन्सं रोज नवी बातमी घेऊन यायच्या. वाड्यात कोणाला श्वास घेऊ देत नव्हत्या. अमक्याची सून आणि तमक्याचा पाट. तुमच्या घरचं काय, असं विचारायला कोणाला फुरसतच ठेवली नाही बाईंनी."

आणि मला आठवले, की मी सात-आठ वर्षांचा होतो तेव्हा धर्मराजाच्या शापाचा दाखला वडील हमखास द्यायचे. पुढे पुढे तो एकटे तात्याच देत. तात्यांनी दिला, सगळे हसले, की वडील वर्तमानपत्र उघडून त्यात तोंड घालत. आम्हांला वाटे, त्यांना वाचनाची गोडी लागली.

उषाबेननी पुढे गांधींच्या राजकीय विचारांवर डॉक्टरेट केली आणि मुलांना राज्यशास्त्र शिकवले, तेही थोडेथोडके नव्हे, तीस वर्षे. लॅबर्नम रोडवरच्या 'मणिभवना'चे काम सांभाळले. ज्या रस्त्यावर अजित व्हिलात चोरून बोलायचे, त्याच रस्त्यावर उजळ माथ्याने. लग्न केले नाही. खादीची पांढरी साडी, कमी खाणे, पहाटे उठणे. त्या दिवसांबद्दल कोणी विचारले की सांगत, की तो आयुष्यातला सर्वांत चांगला काळ होता, आणि आपल्याच तंत्रज्ञाने दगा दिला ही सर्वांत वाईट गोष्ट. दर ऑगस्टच्या नऊ तारखेला ऑगस्ट क्रांती मैदानावर जाणे कधी चुकवले नाही. २००० साली अंगात ताप असताना गेल्या, थकून घरी आल्या आणि ११ ऑगस्टला वारल्या. वय ८०.

२०२४ मध्ये त्यांच्यावर 'ऐ वतन मेरे वतन' नावाचा सिनेमा आला. सारा अली खान उषा झाली आहे. नातीने तो घरच्या टीव्हीवर लावून दिला. सिनेमा आहे, त्यात पाठलाग पुष्कळ आहे. पण मला उत्सुकता होती ती गॅलरीची, आणि ती काही नीटशी दिसली नाही. म्हणून मी ठरवले की स्वतः जाऊन बघायचे. पनवेलहून लोकल, चर्नी रोडला उतरून चालत गिरगाव. जुना गिरगाव बॅक रोड म्हणजे आताचा विठ्ठलभाई पटेल रस्ता. चाळी बऱ्याच गेल्या, टॉवर आले, तरी मधूनमधून एखादी लाकडी कठड्याची गॅलरी तग धरून आहे.

एका दुकानाच्या फळीवर माझ्याच वयाचे एक गृहस्थ बसले होते. त्यांना म्हटले, "पारेखवाडी कुठे हो?"

"कोणाकडे?" त्यांनी विचारले.

"कोणाकडे असं नाही..."

"आलात कुठून?"

"पनवेल."

"पनवेलात कोणाचे?" मी आडनाव सांगितले. "म्हणजे ते लाइन आळीतले का? त्यांच्याकडची एक मुलगी आमच्या भाच्याला सांगून आली होती." मग मी काय करत होतो, निवृत्त कधी झालो, पेन्शन किती, मुले किती, मुलगा परदेशी की इथेच, सून नोकरी करते का, मधुमेह आहे का आणि असल्यास गोळी की इंजेक्शन, हे सारे दहा मिनिटांत मी त्यांना सांगून मोकळा झालो. कोणी परदेशी शिकायला पाठवण्याचे आमिष दाखवले नव्हते. चहासुद्धा मीच पाजला.

शेवटी त्यांनी विचारले, "पण पारेखवाडीत काम काय?"

मी सांगितले. १९४२, उषा मेहता, गुप्त रेडिओ, १२ नोव्हेंबरची धाड.

ते माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे बघत राहिले. "इथे? रेडिओ स्टेशन? कोणी सांगितलं तुम्हांला?"

"छापून आलंय."

"छे हो!" ते म्हणाले. "आमच्या आजीचं बिऱ्हाड इथलंच. पहिल्या मजल्यावर, गॅलरीच्या तोंडाशी. असलं काही असतं, तर तिला कळल्याशिवाय राहिलं असतं का?"